पार्टीची आखणी परतीपासून करा

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. थोडं वावर आहे, कापूस-तूर घेतो, रब्बीत हरभरा. मुलगा यवतमाळला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, खोली करून राहतो. गेल्याच महिन्यात अठराचा झाला. आता ३१ डिसेंबरला कॉलेजच्या मित्रांना वावरात बोलावून पार्टी करायची म्हणून मागे लागला आहे. पंधरा-सोळा जण येतील म्हणतो, त्यात चार-पाच मुली. त्याच्या बाबांचं म्हणणं, पार्टी-बिर्टी काही नाही, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माझे दीर म्हणतात, "वहिनी, पोट्टे पिणारच हायेत. रस्त्यावर पिऊन कुठं पडण्यापेक्षा आपल्या डोळ्यासमोर एकेक बीअर घेतली तं काय बिघडते?" मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. नाही म्हटलं तर तो यवतमाळलाच कुठेतरी थर्टी फर्स्ट करील.

दुसरं म्हणजे मुलगी अकरावीत आहे, सोळा वर्षांची. त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस तालुक्याच्या एका लॉनवर आहे, संध्याकाळी सातनंतर. मुलाला हो म्हणायचं आणि मुलीला नाही, हे माझं मलाच लागतं. पण तिला रात्रीचं सोडायचं कसं? आणि मुलाच्या पार्टीत मुली येणार, त्याचं काय?

— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही दोन पार्ट्यांबद्दल विचारलं आहे आणि तिसरी एका ओळीत उरकली आहे: "यवतमाळलाच कुठेतरी करील." मला सगळ्यात जास्त काळजी त्या तिसरीची वाटते. तिथे कोण असेल, किती वाजता संपेल, कोण कोणाच्या गाडीवर बसून कुठे जाईल, हे कोणाच्याच घरी माहीत नसतं. म्हणून वावरातली पार्टी होऊ द्या. फक्त दोन अटी घाला. एक, दारू नाही. दुसरी, आखणी शेवटाकडून करायची, म्हणजे कोण कुठे झोपणार आणि कोण कसं घरी जाणार हे आधी ठरवायचं, मेनू आणि गाणी मागून.

आधी तुमच्या दिरांचं बोलणं घेऊ, कारण ते एकट्याचं नाही, निम्म्या महाराष्ट्राचं आहे. 'आपल्या डोळ्यासमोर' हा विचार मायेपोटीच येतो. पण तो तपासून पाहिलेला आहे. ऑस्ट्रेलियात एकोणीसशेच्या वर मुलांचा सहा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईबापांनी स्वतः दारू दिल्याने मुलं पुढे जपून पितात, असा काही पुरावा त्यात सापडला नाही. उलट अशा मुलांना बाहेरून दारू मिळवण्याची आणि पुढे त्रास होण्याची शक्यता जास्तच दिसली. घरच्या परवानगीची एक बाटली मुलाच्या डोक्यात एक बाटली राहत नाही, 'आता चालते' एवढंच राहतं.

आणि 'एक बीअर' म्हणजे किती, तेही दिरांना कागदावर मांडून दाखवा. आपल्याकडे पोरं घेतात ती स्ट्राँग, ६५० मिलीची बाटली. तिच्यात आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं, म्हणजे बावन्न मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या तीस मिलीच्या लहान पेगात ते तेरा मिलीच्या आत असतं. म्हणजे एक बाटली म्हणजे चार पेग. शरीराला एक लहान पेग उतरवायला साधारण तासभर लागतो. रात्री नऊला संपवलेली 'एकच बीअर' बारा वाजता गाडीला किक मारताना पोराच्या अंगात बऱ्यापैकी शिल्लक असते. चालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. पहिल्याच वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मुलगा अठराचा झाला म्हणून त्याला आता मोकळीक, हाही एक गैरसमज आहे. अठराला मत देता येतं. महाराष्ट्रात बीअर-वाइनला एकवीस आणि बाकी दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. शिवाय पहिल्या वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांचा एखादा तरी असतोच. अठराच्या आतल्या मुलाला दारू, कुठला अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. देणारा म्हणजे दुकानदारच असावा लागत नाही. हौसेने बाटल्या आणून ठेवणारा काकाही त्यात येतो. हे दिरांना शांतपणे वाचून दाखवा, वाद घालू नका. माणूस मनाने चांगला दिसतो, आणि पुढे त्यांच्याकडून दोन मोठी कामं करून घ्यायची आहेत.

तंबाखूचा शब्द आलाच आहे, तर खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोट्याचं, बोलून टाकते. दारू नाही म्हणून आपण निर्धास्त होतो आणि पन्नीत खर्रा घोटत बसलेल्या पोराकडे कोणी बघत नाही. तोही नाही म्हणून आधीच सांगून टाका. सगळे ऐकतीलच असं नाही, पण यजमानाच्या घरात ही गोष्ट चालत नाही, एवढं तरी कळतं.

आता परतीचं. मुलाला एक वही घेऊन बसवा. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, घरच्या मोठ्या माणसाचा फोन, येणार कशाने, लायसन्स आहे का, आणि रात्री झोपणार कुठे. तो कुरकुर करेल, "आई, पार्टी आहे, जनगणना नाही." करू द्या. ज्याच्या घरचा फोन मिळत नाही किंवा ज्याच्या घरी हे माहीतच नाही, त्याला बोलावणं नाही. आणि मिळालेल्या प्रत्येक नंबरवर तुम्ही स्वतः एकदा बोला: अमुक ठिकाणी आहे, आम्ही दोघं तिथेच आहोत, दारू नाही, तुमचा मुलगा मुक्कामी आहे की साडेआठला निघणार आहे? पंधरा फोन म्हणजे एक संध्याकाळ जाते. या एवढ्या पत्रातलं एकच काम करायला तुम्हाला वेळ असेल, तर हे करा.

साडेआठ मी उगीच म्हटलं नाही. पाहुण्यांपुढे दोनच पर्याय ठेवा. एकतर साडेआठला जेवून निघायचं, नाहीतर सकाळी चहा घेऊन. मधलं काही नाही. अकरा, बारा, दीड ही वेळ कोणाच्याही गाडीला नाही. डिसेंबर अखेरीला आपल्या रस्त्यांवर काय असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कापसाने ठासून भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियम. कडेला सोडलेली बंडी. तुरीतून एकदम रस्त्यावर उडी घेणारा रोही (नीलगाय), पहाटेकडे धुकं. त्यात ट्रिपल सीट, हेल्मेट घरी, आणि गारठ्याने ब्रेकवरची बोटं वळत नाहीत. थेंबभर न पिता मरायला एवढं पुरतं.

साडेआठला जाणाऱ्यांसाठी फाट्यावरची एखादी काळी-पिवळी आधीच ठरवून ठेवा, ड्रायव्हर ओळखीचा आणि न पिणारा. पैसे पोरांच्या वर्गणीतून. त्या गाडीत पुढच्या सीटवर तुमचे दीर बसतील आणि प्रत्येकाला दारापर्यंत सोडून परत येतील. हे त्यांचं पहिलं काम. मुक्कामी राहणाऱ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या आल्या-आल्या एका डब्यात, आणि तो डबा मुलाच्या बाबांच्या उशाशी. सकाळी सातच्या आत उघडायचा नाही. त्यांचा विरोध आहे ना, तर त्यांनाच किल्लेदार करा. गावात तोंड दाखवायची ज्याला चिंता असते, तो माणूस असं काम फार चोख करतो.

लायसन्सचा रकाना हसण्यावारी नेऊ नका. अठराच्या आतलं पोर गाडी चालवताना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. तुमच्या वावरात अशी कोणाची गाडी आली तर ती तिथेच ठेवा आणि त्याच्या बापाला न्यायला बोलवा.

वावर. मुलाला घेऊन ३० तारखेला दुपारी एकदा फिरून या. तुमच्या ओळखीचं वावर तुम्हाला अंधारातही पायाखालचं आहे, पण यवतमाळच्या फ्लॅटमधून आलेल्या पोराला विहीर कुठे आहे हे माहीत नसतं. कठडा नसेल तर विहिरीभोवती बल्ल्या रोवून दोर आणि त्यावर जुनी पांढरी साडी बांधा, लांबून दिसते. शेततळं असेल तर ते विहिरीपेक्षा वाईट समजा. प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय घसरतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठाला घट्ट बांधलेला, पाण्यापर्यंत जाणारा गाठींचा दोर आणि एक फुगवलेली ट्यूब तिथे असलीच पाहिजे. पार्टीसाठी नाही, कायमचीच.

मग कुंपण. रानडुकरांसाठी कोणी तारेत सरळ विजेची लाइन सोडत असेल, तर आधी त्याच्याकडे जा. शेजारच्या धुऱ्यावर असं होतं का, हे विचारायला लाजू नका. अशा तारेला लागून माणसं जातात, आणि तार लावणारा तुरुंगात जातो. झटका मशीन त्यापेक्षा सौम्य, तरी त्या रात्री तीही बंद. डुक्कर एका रात्रीत थोडा हरभरा खाईल, खाऊ द्या. हरभऱ्याला रात्रीच्या लाइनवर पाणी देण्याची पाळी त्याच दिवशी येत असेल तर ती टाळा. ओली जमीन, स्टार्टरची पेटी, म्युझिक सिस्टीमसाठी ओढलेली वायर आणि नाचणारे पाय एकत्र नकोत.

आणि कोठा, म्हणजे वावरातला गोठा. मुलं रात्री तिथेच झोपणार असतील तर फवारणीची औषधं आदल्या दिवशी तिथून पूर्ण हलवा, कुलपात. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीने विषबाधा होऊन माणसं दगावली, ते तुम्ही बघितलं आहे. तेव्हा विष श्वासातून आणि कातडीतून गेलं होतं. इथे भीती वेगळी आहे. अर्धं उरलेलं औषध आपण कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवतो. अंधारात तहानलेला पोरगा ती बाटली तोंडाला लावायला किती वेळ लागतो? रिकामे डबे पाण्यासाठी वापरायची सवय असेल तर तेही उचला. पिण्याचं पाणी एकाच जागी, झाकलेल्या कॅनमध्ये, वर दिवा.

थंडी खूप असते म्हणून शेगडी आत घेऊन दार लावून झोपू देऊ नका. कोळशाच्या धुराला वास नसतो तेव्हाही तो झोपेतच माणूस नेतो. गाद्या-ब्लँकेटं जास्त द्या, शेकोटी बाहेर, आणि तुराट्या-पराट्यांच्या गंजीपासून लांब. विझायला लागलेल्या शेकोटीवर पेट्रोल ओतणारा एक हिरो प्रत्येक टोळीत असतो. गाड्यांतून काढलेल्या पेट्रोलची बाटली दिसली की उचला.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मग पार्टीत मजा कुठे राहिली? मजा कामात ठेवा. माझं पक्कं मत आहे, नुसतं बसायला आणि ऐकायला बोलावलेली पोरं कंटाळतात आणि कंटाळलेली पोरं बाटली शोधतात. तुमच्याकडे रोडग्यांसारखी गोष्ट आहे, ती वापरा. बाहेरून बिर्याणीचं पातेलं मागवू नका. पाच वाजता पोरं आली की दोघांनी गोवऱ्या रचायच्या, चौघांनी कणीक घट्ट मळायची, मोहन हात आखडता न घेता घालायचं. आर (निखारे) झाला की गोळे त्यात, आणि मग उलटत-पालटत बसायचं. एक बाजू करपते, आतून कच्चं राहतं, त्यावरून भांडणं होतात. राख झटकून तुपात बुडवलेला पहिला रोडगा ज्याच्या हाती येतो तो अर्धा जळालेलाच असतो आणि तोच सगळ्यात गोड लागतो. बाजूला चुलीवर वांग्याची भाजी, तिखट मुलांना ठरवू द्या, उद्या सकाळी त्यांचं ते बघतील. कोणाच्या वावरात ज्वारी असेल आणि कणसं दुधावर असतील तर संध्याकाळीच हुरडा, जवसाच्या चटणीबरोबर. तीन तास कसे गेले ते कळत नाही, आणि पोट आठलाच भरलेलं असतं. नागपूरहून आलेला एखादा पोरगा चुलीपुढे फोन घेऊन बसला तर बसू द्या, तो रोडग्यांचाच व्हिडिओ करत असतो.

गाणी लावू द्या. स्पीकर रात्री दहाला बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी प्रशासन मध्यरात्रीपर्यंत सूट देतं. ३१ डिसेंबर त्या यादीत आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या. पोलीस पाटलांना आदल्या दिवशी जाऊन सांगून या: अमुक पोरं येणार आहेत, आम्ही घरचे तिथेच आहोत. तुमच्या घरच्यांना वाटणारी निम्मी बदनामी तिथेच संपते. गावात बोलणं होतं ते लपवलेल्या गोष्टीचं.

मुलींचं. बोलवा. पण बोलवायच्या आधी एक गोष्ट बघा: वावरात संडास आहे का, आतून कडी लागते का, तिथपर्यंत दिवा आहे का? हे नसेल तर मुलींना अंधारात धुऱ्यापलीकडे जावं लागतं, त्या पाणी प्यायचंच टाळतात, आणि कोणी मागे गेलं तर काय, ही धास्ती रात्रभर राहते. संडास नसेल तर पार्टी वावरात नाही, घराच्या अंगणात करा. रोडगे अंगणातही होतात. मुक्कामाला राहणाऱ्या मुली तुमच्या घरी, तुमच्या खोलीत, आणि वावरातून घरी त्यांना तुम्ही स्वतः घेऊन यायचं, मुलांपैकी कोणी नाही.

तुम्ही पार्टीत असायचं, पण वर्तुळात बसायचं नाही. चुलीपाशी बसा. तिथून सगळं दिसतं आणि मुलांना वाटतं तुम्ही भाजी बघत आहात.

मुलाशी एक बोलणं त्याच्या बाबांनी करायचं आहे. आईने केलं की पोरगा नुसती मान हलवतो. नशेत असलेल्या मुलीचा होकार हा होकार नसतो, कायद्यातही नाही. कोणाचाही फोटो-व्हिडिओ तिला किंवा त्याला विचारल्याशिवाय स्टेटसला जाणार नाही. मित्र कोणा मुलीच्या मागे-मागे करत असेल तर त्याला उठवून दुसरीकडे नेणं हे यजमानाचं काम आहे, आणि यजमान तो आहे, तुम्ही नाही. हे तिसरं वाक्य विशेष सांगायला लावा. आपली मुलं स्वतः वाईट वागत नाहीत म्हणून आपण समाधान मानतो, आणि ती शेजारी बसून हसत असतात.

एवढं करूनही कोणीतरी बाहेरून पिऊन येईल, किंवा बॅगेत क्वार्टर आणेल. असं झालं तर त्याला हाकलू नका. हाकललेला पोरगा गाडीवर बसतो. त्याची बाटली घ्या, किल्ली घ्या, जेवायला घाला, घरी फोन करा. तो शुद्धीत असेल, बोलत असेल, तर एक जण सतत त्याच्याजवळ. झोपला तर कुशीवर झोपवा, वरचा गुडघा पुढे वाकवून, पाठीमागे उशी, म्हणजे उलटी झाली तर ती घशात अडकत नाही. 'झोपू दे, उतरेल' म्हणून एकटं सोडायचं नाही, कारण रिचवलेली दारू तो झोपल्यावरही रक्तात चढत असते. काळी कॉफी, लिंबू, ताक, डोक्यावर गार पाणी, घशात बोट, यातलं काही करू नका. उतरायला वेळच लागतो, दुसरा उपाय नाही. गार पाण्याने अंग आणखी थंड पडतं आणि बोट घालून काढलेली उलटी फुप्फुसात जाते.

हलवून, मोठ्याने हाक मारून उठत नाही, श्वास अडखळतो किंवा मिनिटाला आठच्या आत येतो, ओठ-नखं निळसर, अंग गार आणि चिकट, बेशुद्धीत उलटी किंवा झटका, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. अजून दोन लक्षणं दिसतात का, हे बघत थांबू नका. ॲम्ब्युलन्सला तुमचं वावर सापडत नाही, म्हणून दिरांचं दुसरं काम असं: फोन लागला की टॉर्च घेऊन फाट्यावर उभं राहायचं आणि पांदणीतून (वावराकडच्या कच्च्या वाटेने) गाडी आत आणायची. ती पांदण ट्रॅक्टरशिवाय चालत नसेल तर त्या आजारी पोराला आधीच ट्रॅक्टरवर किंवा जीपमध्ये घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणा, तिथे गाठ पडेल. कोणत्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते, ते ३० तारखेच्या फेरीतच बघून ठेवा. दवाखान्यात काय प्यायला, किती, कुठून आणली, हे खरं सांगायचं. पोरं पोलिसांच्या भीतीने खोटं बोलतात आणि डॉक्टरचा वेळ जातो.

हातभट्टीची किंवा बिनलेबलची असेल तर आणखी एक. वर्ध्यात दारूबंदी आहे, तिथून 'आपल्या ओळखीने' आलेल्या बाटलीत काय भरलं आहे हे आणणाऱ्यालाही माहीत नसतं. तिच्यात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असलं तर पहिल्या रात्री साधी नशाच वाटते. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धूसर, पोटात कळ, श्वास जोरात. त्याला हँगओव्हर समजून लिंबूपाणी देत बसलात तर डोळे जातात, जीवही जातो. डोळ्यांची तक्रार आली की सरळ मोठं सरकारी रुग्णालय, आणि त्या बाटलीतून प्यायलेल्या बाकीच्यांनाही सोबत न्या, त्यांना काही होत नसलं तरी.

आता मुलीचं. तिला जाऊ द्या. सोळा वर्षांची मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नाही तर ती सुरक्षित राहत नाही, ती पुढच्या वेळी विचारायची थांबते. आधी मैत्रिणीच्या आईला फोन करा: मोठं कोण आहे तिथे, केक किती वाजता, जेवण किती वाजता, लॉनवर त्या दिवशी दुसरा कार्यक्रम आहे का? लॉनवर एका बाजूला वाढदिवस आणि दुसऱ्या बाजूला लग्नाचं रिसेप्शन असेल तर कोण कुठून आत येतं ते कळत नाही. तसं असेल तर सोबत तिची एखादी वर्गमैत्रीण असूच द्या, दोघींनी जाताना-येताना, अगदी बाथरूमलाही, एकत्र राहायचं. ग्लास खाली ठेवून कुठे गेलीस तर परत आल्यावर तो पिऊ नकोस, नवीन घे, एवढं सांगा. भीती घालून सांगू नका. जाताना चप्पल घाल म्हणतो त्याच आवाजात.

एक सांकेतिक वाक्य मात्र दोन्ही मुलांशी ठरवून ठेवा. "मोटर बंद केली का?" शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीने आईला असा मेसेज केला तर शेजारी बसलेल्या कोणालाही त्यात काही वावगं दिसत नाही. अर्थ एकच: मला इथून घेऊन जा, कारण आत्ता विचारू नको. तुम्ही लगेच फोन करायचा आणि चांगलं रागावून बोलायचं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं: "आजीला बरं नाही, बाबा निघालेत, गेटवर ये." मुलीला मैत्रिणींपुढे कमीपणा येत नाही, ओरडा सगळा तुमच्या वाट्याला. मुलगा यवतमाळला असतानाही हे वाक्य लागू आहे, आणि तिथे मध्यरात्री पोचू शकेल असा एक नातेवाईक किंवा ओळखीचा रिक्षावाला आधीच ठरवून ठेवा.

त्या रात्री गाडीत एकही प्रश्न विचारायचा नाही. हे बाबांना फार जड जाईल. दारूचा वास आला तरी नाही, रडत असली तरी नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बोला, तेव्हा रागवायचं असेल तर रागवा. पहिल्याच वेळी रस्त्यात झडती घेतलीत तर दुसऱ्या वेळी तो मेसेज येणार नाही आणि पोर कोणाच्याही गाडीवर बसेल. फोन लागत नसला, गाडी वाटेत बंद पडली, तर ११२ हा नंबर दोघांनाही पाठ असू द्या. मुलगी अठराच्या आत आहे, तिला १०९८ सुद्धा चालतो. आणि रस्त्यात कोणाचा अपघात दिसला तर थांबून मदत करायला घाबरू नका म्हणावं. मदत करणाऱ्याला २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्तीसुद्धा नाही.

मुलीला आणायला पावणेनऊला बाबांनी लॉनच्या गेटवर हजर असायचं, आत जायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. नऊपर्यंत ती बाहेर आली नाही तर एक फोन. मागच्या सीटवर तिच्यासाठी स्वेटर आणि दुसरं हेल्मेट ठेवायला सांगा. आणि गाडीत पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवा, त्या आठवड्यात पंपावर रांग असते.